बाबांच्या गाडीचं आयडलिंग

सोमवार, ६ मार्च. सकाळी सहा.
ठरलं. बाबांची गाडी रविवारपर्यंत मीच ठीक करणार. दोष क्षुल्लक आहे. धावते झकास, फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद पडते. म्हणजे आयडलिंग, उभ्या गाडीत इंजिन चालू राहणं, तेवढं बिघडलंय. गॅरेजवाला म्हणाला, आठ दिवस ठेवून जा. मी म्हटलं, माझ्या बापाची गाडी आहे, मला कळतं.

बाबांनी गाडी माझ्या आणि ताईच्या, दोघांच्या नावावर ठेवली. ताईला ती विकायची आहे. एक दातांचे डॉक्टर जुन्या गाड्या जमवतात, ते टपलेलेच आहेत. रविवारी ताई येते आहे, गाडी बघून काय ते ठरवणार. मी फोनवर सांगून टाकलं, बाबांच्या काळात चालायची तशी लोण्यासारखी चालते, स्टेशनवर तीच घेऊन येतो. ताई नुसतं "बरं" म्हणाली. बघच म्हणावं.

मंगळवार, ७ मार्च. सकाळी.
कार्ब्युरेटरच्या दोन स्क्रूंपैकी एक थोडा फिरवला. इंजिन काय सुंदर गुरगुरतंय! चहा गार व्हायच्या आत काम फत्ते. गॅरेजवाल्याला आठ दिवस कशाला हवे होते, देव जाणे.

संध्याकाळी.
ऑफिसातून येताना प्रत्येक सिग्नलला बंद. मागच्या बसवाल्याने माझा उद्धार केला. हल्ली पेट्रोलच भिकार मिळतं.

बुधवार, ८ मार्च.
शास्त्रशुद्ध पद्धत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला. आतलं सगळं ऐकू येतं. हवा शिरते आहे असा आवाज आला. शोधलं, तर रबरी नळीला चीर! तिथे टेप गुंडाळली. आता प्रश्नच मिटला.

ऑफिसात दिवसभर सगळे माझ्याकडे बघून हसत होते. कान काळा झाला होता म्हणे. हसा लेको.

येताना पुन्हा बंद. टेप हलक्या प्रतीची निघाली.

गुरुवार, ९ मार्च.
पहाटे गार इंजिनवर पुन्हा स्क्रू फिरवला. उत्तम. संध्याकाळी परत तेच. जेवताना हिने विचारलं, "सकाळी गाडी बरी असते, तापली की बंद पडते. मग तुम्ही सकाळी काय दुरुस्त करता?"

बायकोला कार्ब्युरेटर म्हणजे स्टोव्ह वाटतो. तापलेल्या इंजिनाला हात लावला तर माझा हात भाजेल, हे तिला कळायला नको? पहाटे इंजिनही ताजं असतं, मीही ताजा असतो. पद्धत बदलणार नाही.

शुक्रवार, १० मार्च.
फार विचार केला. खरा दोष गाडीत नाहीच, सिग्नलमध्ये आहे. इतका वेळ लाल ठेवतात की कुठलंही इंजिन कंटाळेल. अर्धी रजा टाकून स्टेशनचा असा रस्ता शोधला की सगळीकडे डावीकडेच वळायचं. थांबायचं नाव नको. एका गल्लीत कुत्री मागे लागतात, पण ती चालतील.

शनिवार, ११ मार्च.
ही म्हणाली, अजून वेळ आहे, गॅरेजवाल्याला बोलवा. मी म्हटलं, मेलो तरी बोलावणार नाही. उठलो आणि दोन्ही स्क्रू बिनधास्त पिळले. इंजिन असं गरजलं की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकी लावून घेतली. आता पडून दाखव म्हणावं बंद.

रविवार, १२ मार्च. दुपारी.
हिलाही बरोबर घेतलं. जाताना गाडी एकदाही बंद पडली नाही. ताईने बॉनेटवरून हात फिरवला. माझी छाती अशी फुगली होती!

येताना ताईला फळं घ्यायची होती. मोठ्या रस्त्याने चल म्हणाली. पहिल्याच सिग्नलला बंद. स्टार्टर मारून मारून बॅटरीने मान टाकली. मी पेट्रोलबद्दल सांगायला लागलो, तोवर ताई खाली उतरलीसुद्धा. पर्स सीटवर टाकली, मागे गेली आणि ओरडली, "दुसरा गिअर टाक, मी सांगते तेव्हा क्लच सोड." गाडी चालू झाली.

आत येऊन बसली ती हसतच होती. डोळे मात्र भरले होते. म्हणाली, "बाबांच्या हातातही अशीच बंद पडायची. दर वेळी मीच ढकलायचे. तू मागच्या सीटवर झोपलेला असायचास."

मी म्हटलं, तुझा काहीतरी गोंधळ होतोय. तर म्हणाली, तुला काय माहीत, घोरत पडायचास.

मग तिने सगळंच सांगितलं. विकायचं पक्कं करूनच निघाली होती. लोण्यासारखी चालते हे ऐकून तर वाटलं, आता तीत बाबांचं काही राहिलंच नाही, देऊन टाकू. "पण ही तर तीच आहे रे. नाही विकायची. फक्त खरं सांग, आतलं काही बदललं नाहीस ना? बाबांनी ठेवलंय तसंच आहे ना?"

बायको मागच्या सीटवर होती. खिडकीतून बाहेर बघत राहिली.

मी म्हटलं, छे गं, मला त्यातलं काय कळतंय.