मांडणीवरचा राउटर

पोशीर, गुरुवार

उद्या ताईची नोकरीची मुलाखत मोबाइलवर आहे आणि घरातलं वायफाय तीन दिवस रखडतंय. केबलवाला म्हणाला, नवा राउटर घ्या. मला पटेना. जागोजागचा वेग वहीत लिहिला. मांडणीजवळ पूर्ण, ओटीवर जवळजवळ शून्य. म्हणजे वाटेत काहीतरी अडवतंय. धूळ बसू नये म्हणून आईनेच सोमवारी राउटर पितळेच्या हंड्यांमागे ठेवलेला! आधी का सुचलं नाही मला? हंडे उतरवले, दोनदा तपासलं. ओटीवरून ताई मैत्रिणीशी न अडकता बोलली.

"नववी नापास, पण डोकं हाय रं तुला," बाबा म्हणाले.

आई मात्र हंडे पुसत बसली. हंडे परत चढवील, या भीतीने आत्ता पाहून आलो. हंडे खालीच आहेत. मांडणीवर एकटा राउटर, त्याला हळदकुंकू लावलेलं.