माझ्याकडे ठेवून जा

सोमवार, ३
शाळेत समुपदेशक म्हणून रुजू झाले. खोली झकास आहे: दोन खुर्च्या, मऊ खेळणी, मोठी खिडकी. बाकी सगळा आनंदीआनंद. शिक्षिकांना वाटतं, मी पोरांशी गप्पा मारायचा पगार घेते. मुख्याध्यापिकाबाईंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, की माझ्या आधीच्या बाई एका मुलीबरोबर वर्षभर नुसत्या बसून राहिल्या. वर्षभर! अशांमुळेच आमच्या कामाचं हसं होतं.

बुधवार, ५
तीच मुलगी आली. शिशुवर्गातली, पाच वर्षांची, एवढीशी. सदा भिंतीला पाठ लावून. म्हणे, मागे कुणीतरी उभा राहतो आणि मानेवर श्वास सोडतो. मी आमचा ठरलेला उपाय केला: भीती माझ्याकडे ठेवून जा, मी सांभाळते. तिने तीनदा विचारलं. नक्की का, घरी न्याल का, कायमचं का. घड्याळ बघत मी तिन्ही वेळा हो म्हटलं. पोरगी उड्या मारत गेली. अर्ध्या तासात प्रकरण बंद! आधीच्या बाईंना कुणीतरी कळवा.

शुक्रवार, ७
मुलगी आता वर्गात मधोमध बसते. मुख्याध्यापिकाबाई खूश. शिपाईमावशींनी मात्र तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, आधीच्या बाई रोज ऐकून घ्यायच्या, पण ठेवून कधी काही घेतलं नाही. आता मावशींकडून मानसशास्त्र शिकायचं! दुपारभर मानेला गार लागत होतं. खिडकी लावून घ्यायला हवी.

सोमवार, १०
खिडकी बंद होती. पंखाही. श्वास ओलसर आहे, त्याला वास आहे. भिंतीला टेकून डबा खाल्ला. एवढी शिकलेली बाई मी. लाज वाटते.

बुधवार, १२
घरीही. भिंतीला टेकले तरी — भिंत आणि पाठ यांच्यामध्ये तो मावतो. मला भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

गुरुवार, १३
मान वळत नाही. बोटं आहेत त्याला —
मुलीला बोलावून घेतलं. तिने बघताक्षणी ओळखलं. म्हणाली, रडू नका, मला परत द्या, मला सवय आहे. पाच वर्षांची पोर माझी समजूत घालत होती. नको म्हणायला हवं होतं. मी घे म्हणाले. लगेच म्हणाले. थू माझ्या पदव्यांवर.
ती समोर पाठ करून उभी आहे. वाट बघते आहे — म्हणते, तो येत नाहीये, बाई. म्हणते, त्याला आता तुमचीच —