डुक्कर फाडण्याचा मान

२ नोव्हेंबर, रविवार
मोसमातली पहिली शिकार. डुक्कर फाडताना प्रेदूकाकांच्या हातातून सुरी दोनदा गळाली. शेवटी स्वतःच म्हणाले, "बास. आता दुसरा कोणीतरी बघा." आमच्या शिकारी टोळीत डुक्कर फाडायचा मान एकाचाच असतो. काकांनंतर कोण, ते २३ तारखेला ठरणार.

माझ्याशिवाय आहेच कोण? बाकी सगळी मेंढरं, हातात बंदूक एवढाच फरक. आणि म्होरक्या कोण, तर बाकीझ्यो. माझ्या बायकोचा भाऊ. तोंडात सतत सिगारेट, डोक्यात काही नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, तुम्ही आपला पाव कापा." सगळे हसले. हसा.

संकल्प : नवी सुरी. घडीचीच, पण बघणाऱ्याची बोलती बंद होईल अशी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
बाबांची सुरी काढून बघितली. पातं घासून घासून काडीएवढं राहिलंय. मूठ काळी, तेलकट. ही खिशातून काढली तर मान सोडाच, कोणी चीजसुद्धा कापायला पुढे करणार नाही. माझ्या बायकोचं, बोनारियाचं, म्हणणं, मामंजींनी जन्मभर हिच्यानंच डुकरं फाडली. बायकांना हत्यारांतलं काय कळतं?

८ नोव्हेंबर, शनिवार
सुऱ्यांसाठी नावाजलेल्या पत्तादा गावाला जाऊन आलो. सुरीवाल्यानं आधी माझे हात बघितले, मग एक अरुंद, साधी सुरी पुढे केली. माझे हात बघून साधी सुरी! मी सगळ्यात रुंद पात्याची उचलली. मेंढ्याच्या शिंगाची मूठ, पात्यावर लाटांची नक्षी. तो म्हणाला, हे पातं डुकराच्या पोटात वळणार नाही, असली सुरी लोक भिंतीवर लावायला नेतात. उद्धट मनुष्य. पण 'भिंतीवर लावण्याजोगी' ही स्तुतीच झाली. घेतली.

किंमत इथे लिहीत नाही. बोनारिया टेबल पुसताना वह्या उघडून पुसते.

९ नोव्हेंबर, रविवार
सुरीचं पहिलं दर्शन. लोक जळतात, हे आज डोळ्यांनी पाहिलं. प्रेदूकाकांनी तर हातसुद्धा लावला नाही. 'बघतोय' एवढंच म्हणाले. आदर, दुसरं काय.

शिकार मिळाली नाही. मी माझ्या जागेवर, ओकच्या झाडाखाली, सुरी उघडायचा-मिटायचा सराव करत होतो. मिटताना फार सुरेख आवाज येतो. बाकीझ्योचा आरोप असा : कुत्र्यांनी डुक्कर बरोबर माझ्याकडे हाकलत आणलं होतं, ते खटखट ऐकून माघारी वळलं. "दाजी, पुढच्या वेळी बँड आणा." माणसाच्या मनात द्वेष असला की कानही त्याचेच ऐकतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार
कोंबडी आणून तिच्यावर सराव केला. कोंबडीची आणि डुकराची शरीररचना वेगळी असते, त्यामुळे निकाल धरण्यात अर्थ नाही.

पातं अडकवायचा खटका आमच्या सुऱ्यांना नसतो. सुरी बोटावर मिटली. टाके पडले. डॉक्टरनं विचारलं, भांडण कुणाशी झालं? अजून झालेलं नाही, म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज डोकं चालवलं. आमच्याकडे सुरी फुकट दिली की नातं तुटतं. म्हणून घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवतो. दुपारी सगळे टोळीच्या झोपडीत जेवायला बसले होते. मी बाबांची सुरी बाकीझ्योपुढे ठेवली. "घे. तुला दिली." त्यानं लगेच नाणं काढलं. मी दोन्ही हात खिशात घातले. तो म्हणाला, "दाजी, चेष्टा नको. धरा." मी म्हणालो, घरच्या माणसाकडून काय घ्यायचं! त्यानं नाणं माझ्या पेल्याखाली सरकवलं. मी वाईन न पिता उठलो.

झालं. ना आरडाओरडा, ना बोनारियाची रडारड, आणि मेहुणा कायमचा तुटला. मोडक्या सुरीच्या बदल्यात! तो मात्र ती सुरी हातात घेऊन बराच वेळ बसला होता. "ही तुमच्या बाबांची ना? खरंच देताय?" असं दोनदा विचारलं. डोळेही पुसले. सिगारेटचा धूर गेला असणार.

२३ नोव्हेंबर, रविवार
मोठा नर पडला. प्रेदूकाका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वयानं मोठा अंतिने. आधी त्याला बघू दे." मला माहीतच होतं.

सुरुवात उत्तम झाली. नक्षी उन्हात चमकत होती. पण या डुकराच्या पोटात जागाच नव्हती. पातं वळवायला गेलो आणि आतडं फुटलं. मग मूत्राशय. कुत्रीसुद्धा मागे सरकली. मी म्हणालो, डुकरानं प्रमाणाबाहेर खाल्लं होतं. प्रेदूकाका म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं. ऊठ तिथून."

बाकीझ्यो बसला. बाबांची सुरी काढली. काडीएवढं पातं कातड्याखाली गेलं, ते दिसलंच नाही. कुठे अडलं नाही, कुठे सांडलं नाही. बाबा असेच फाडायचे, मनगट न हलवता. मी तिथे उभा राहून बघत होतो आणि मला फार वाईट वाटलं. सुरी परत दे, असं तोंडापर्यंत आलं. कसं मागणार? नाणं घेतलं नाही म्हणून त्याच्याशी बोलणंही माझ्या बाजूनं तुटलेलं.

मान बाकीझ्योला मिळाला. एकमतानं. म्हणजे माझं मत कोणी विचारलं नाही.

टोळीचा जुना नियम आहे, ज्यानं मांस नासवलं, नासकं त्याच्या वाट्याला. मागची एक तंगडी आणि पोटाकडचं सगळं मला मिळालं. म्हटलं तर सर्वांत मोठा वाटा माझा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
बोनारियानं तंगडीचा तुकडा वाईनमध्ये, लॉरेलची वासाची पानं घालून शिजवला. सगळ्या खिडक्या उघड्या. शेजारणीनं तिच्या लावून घेतल्या. बोनारिया पाव आणि चीज खात बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

वास थोडा उग्र, पण रानातल्या जनावराचा असायचाच. शहरी लोकांना हे कळत नाही. मी दोनदा वाढून घेतलं.

ती म्हणाली, "कसं झालंय?"

म्हणालो, उत्तम. बाकीझ्योनं फाडलेल्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं.

ती उठली, माझ्या वाट्यानं गच्च भरलेल्या फ्रीजरचं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं. मग ईस्टरपर्यंत हेच."