मागच्या ओळीची तहान

१२ एप्रिल
प्रयोगातली बाभळीची तहानलेली रोपं घरी आणली! भरपूर पाणी पिणारी कॉलेजातच राहिली, काचघरात जागा नाही. बाल्कनीत गोणपाट अंथरून पिशव्यांच्या दोन ओळी लावल्या. आठवड्याला अर्धा कप पाणी, बस्स. माझे गाइड इंद्रजित सर म्हणतात, "प्यासा पौधा बस रुक जाता है." मला वाटतं, ते मुळं लांबवत पाणी शोधत जातं. मेच्या पहिल्या आठवड्यात मुळं दाखवायची, नाहीतर विषय बदलायचा. दोन वर्षं पाण्यात!

२१ एप्रिल
बेचाळीस डिग्री. पाणी वाचवायला सगळ्यांची पानं मिटलेली. शहाणी बाळं!

३ मे
दुपारी बघते तर पुढच्या ओळीची पानं टक्क उघडी! मागची मिटलेलीच. बी एक, माती एक. उलट पुढच्यांना ऊन जास्त — आधी त्यांनी मिटायला हवं. हे काय गौडबंगाल? बघत बसले, भात करपला. निखिल म्हणाला, "यार, बायको पाळलीय की बाभळी?"

४ मे
मुद्दाम पहाटे उठले. सापडलं! सासूबाई सूर्याला अर्घ्य देतात, तांब्याची धार थेट पुढच्या ओळीत.
"आई, अहो काय केलंत!"
"अगं, अर्घ्याचं पाणी पायदळी जाऊ नये. झाडालाच घालावं."
"पण यांना तहानलेलं ठेवायचंय!"
"घरात आणून? हे कसलं गं शिक्षण?"
रडू आलं. आता सगळी भिस्त मागच्या ओळीवर.

५ मे
आई आता तुळशीत अर्घ्य देतात. बोलत नाहीत. मीही नाही.

६ मे
मागच्यातल्या दोघांची पानं अर्धी उघडलीत. पुन्हा? आईंना विचारलंच. त्यांचे डोळे भरले. "देवाशपथ, त्यांना हात लावला नाही मी." माझा विश्वास बसला नाही. उद्या मुळं न्यायची सरांकडे — काय तोंड दाखवू?

७ मे
मागची पिशवी उचलली — उचलेचना! तळाच्या भोकातून मूळ बाहेर आलंय, ओल्या गोणपाटातून सरकत सरकत पुढच्या पिशवीत शिरलंय. दुसरीचंही तसंच! तिथली ओल ही चोरून पीत होती. प्रयोग पार बोंबलला. पण थांबली नाहीत ती — शोधत गेली! फोटो सरांना नंतर. आधी आईंकडे जाते.