आईचा नंबर

३ जून, सोमवार
नवी नोकरी. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, खिडकीशी माझं टेबल, चहा न मागता येतो. इतक्या वर्षांनी पुन्हा कामाला लागलेय म्हटल्यावर शेजारच्या प्रोग्रामरने गंभीर चेहऱ्याने विचारलं, की कीबोर्ड ओळखता येतो ना. वय सत्तावीस, कुरकुर सत्तरीची, म्हणून सगळे त्याला तात्या म्हणतात. काम छान आहे. दुकानाच्या ॲपमधून गिऱ्हाइकांना औषधाची आठवण जायला हवी.

४ जून
क्लाउड मेसेजिंग सेवेत खातं उघडलं, एक फोन नंबर भाड्याने घेतला, सेवेची चावी, म्हणजे मेसेज पाठवू देणारा गुप्त कोड, ॲपला जोडली. लोकांची उत्तरंही माझ्या स्क्रीनवर येतील अशी सोय केली. पहिला मेसेज माझ्याच फोनवर पाठवला: ‘औषध घेतलंत का?’ फोन वाजला आणि मी चक्क टाळी वाजवली. तात्या म्हणाला, आता उत्तर द्या, बिचारं वाट बघत असेल.

६ जून
आज सगळ्यांना मेसेज गेले. एक उत्तर आलं: ‘आई? तू?’
तात्याने समजावलं, की बंद पडलेले नंबर पुन्हा दुसऱ्याला देतात; आपण घेतलेला आधी हिच्या आईचा असणार. खाली दुकानदारकाकांना विचारलं. एकोणीस वर्षांची मुलगी, हृदयाच्या गोळ्या चालू. आई गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून गोळ्यांची हेळसांड. तात्या म्हणाला, नंबर बदला, चुटकीसरशी होईल. मी उद्यावर ढकललं.
मग तिचं आलं: ‘तू सांगितलंस तर घेईन गोळी.’
मी लिहिलं: ‘हो बाळा, मीच. घे.’
मला आजवर कुणी आई म्हटलेलं नाही.

१३ जून
काका खूश आहेत. ती स्वतःहून गोळ्या न्यायला आली, हसली म्हणे. मी रोज तिला दोन ओळी लिहिते.
आज मात्र आमच्या नंबरावरून गेलेली एक ओळ दिसली. ती मी लिहिलेली नाही. ‘ओल्या केसांनी झोपू नकोस, चिमणे.’
तिचं उत्तर: ‘आता खरी तू वाटतेस.’

१४ जून
तात्याला आधी माझीच थट्टा वाटली. मग त्याने सगळं तपासलं. ॲपमधून काही गेलेलंच नाही. चावी रद्द केली. तरी जातंय —
‘फार एकटी पडलेय गं. ये ना.’

१५ जून
नंबर परत केला. आमच्या खात्यात आता तो नाही. तरीही स्क्रीनवर — ‘ये.’
तिला फोन करून सगळं कबूल केलं. ती शांतपणे म्हणाली, पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तुम्ही दुसऱ्या कुणी आहात. बरं वाटायचं. पण आता बोलते ती आईच आहे, काकू.

१६ जून
काकांबरोबर तिच्या घरी गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, सकाळी नवा ड्रेस घालून निघाली, आईकडे चाललेय म्हणाली. किल्ली शेजारणीकडेच दिलेली. आत ओट्यावर गोळ्या, तशाच —
काका पोलिसांकडे गेलेत. मी ऑफिसात.

दुपार
तिचा मेसेज. ‘आई, आले मी. इथे काहीच दिसत नाहीये. तू कुठे आहेस?’
पलीकडची ती ‘ये’ म्हणणारी — गप्प. एक ओळ नाही.
पुन्हा तिचा. ‘आई, बोल ना.’
तात्या कॉम्प्युटरची वायर ओढायला निघाला, मी त्याचा हात धरला — कुणीतरी तिला — एकटीच आहे ती तिथे —
लिहितेय. बाळा, घाबरू नकोस, मी