रुमालाखालची पाच बोटं

उदगीर,
मंगळवार, १९ एप्रिल २०१६

प्रिय मन्मथ,

पाकीट बघून घाबरू नकोस. अप्पा आहेत. काल अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण पोटात गेलं. फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. गेल्या आठवड्यात मी दोनदा नांदेडचं नाव काढलं आणि तू दोन्ही वेळा फोन ठेवून दिलास. पत्रही मधेच ठेवता येतं, पण ते तिथेच पडून राहतं, पुन्हा उचलता येतं. शेवटपर्यंत वाच. चौतीस वर्षं मी मुलींच्या वह्या शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. तू आईची चार पानं वाच.

नळाला पाणी येऊन एकवीस दिवस झाले. लातूरला रेल्वेने पाणी आलं. आपल्याकडे ते फक्त टीव्हीवर आलं. टँकरचं पाणी दोन पिंपांत भरून ठेवलंय आणि कमलम्मा आत्या त्यांच्याजवळ पाट टाकून बसतात. परवा मला म्हणाल्या, "हेडबाई, तुझ्या दोन आंघोळीत माझ्या भावाचा आठवडा निघल." बोलणं टोचलं, पण खोटं नव्हतं. मी आता अर्ध्या तांब्यात अंग पुसते. बहात्तरच्या दुष्काळात नांदेडला बी. एस्सी.ला असताना वसतिगृहात आम्ही असंच करायचो. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि त्यात गंमत वाटायची. आता वाटत नाही. डॉक्टर म्हणतात, अप्पांना भरपूर पाणी द्या. मी देते आणि अप्पाच म्हणतात, पुरे, पिंपाचा तळ दिसायलाय.

शिवप्पा काका रोज येतात. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून समिती निघाली आहे आणि काका तिचे उपाध्यक्ष आहेत. खोलीत तासन् तास नकाशा मांडतात, जळकोट आपल्यात येणार का, मुखेड येणार का. लातूर जिल्हा झाला तेव्हा तू माझ्या पोटात होतास. अप्पा मोंढ्यातल्या अडतीवरून येताना पेढे घेऊन आले होते आणि पुढच्या महिन्यात तुझ्या जन्माच्या नोंदीवर उस्मानाबादच्या जागी लातूर लिहिलेलं बघून त्यांनी तो कागद चार माणसांना दाखवला होता. परवा काकांना म्हणाले, "जिल्हा होईल तवा होईल शिवप्पा, आधी नळाला पाणी येऊ दे." आणि मग इतका खोकला आला की काकांनी नकाशा गुंडाळला.

आता मूळ गोष्ट. जानेवारीत लातूरला सुई घालून छातीतल्या गाठीचा तुकडा काढला. आधीचे सहा महिने ज्याला टीबी समजून औषध चाललं होतं तो कॅन्सर निघाला. दवाखान्याच्या जिन्यात तू माझे दोन्ही हात धरलेस. गुंडप्पा काकांना त्यांच्या मुलांनी खरं सांगितलं तेव्हा त्यांनी जेवण सोडलं आणि अकराव्या दिवशी ते गेले, ते तू लहानपणी पाहिलं होतंस. म्हणालास, आई, अप्पांना टीबीच राहू दे, तुला माझी शपथ आहे. मी शपथा मानत नाही हे तुला माहीत आहे. तरी मानली, कारण तू माझे हात सोडत नव्हतास. त्याच दिवशी तू सगळी फाईल पुण्याला घेऊन गेलास, अप्पांच्या नजरेला पडू नये म्हणून.

त्यानंतर तीन वेळा सलाईन झाली. अप्पांना सांगितलं, टीबीचं जादा औषध आहे. केस गेले. एकदा आरशासमोर उभं राहून त्यांनी मला विचारलं, "टीबीच्या औषधानं केस जातात का गं?" मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत निरीक्षण खोटं लिहिलं म्हणून मी मुलींना तासभर उभं केलेलं आहे. मी म्हणाले, जातात.

सलाईनने काही फरक पडला नाही. मार्चच्या तपासणीत गाठ वाढलेली निघाली आणि लातूरच्या डॉक्टरांनी नांदेडच्या दवाखान्यात चाललेल्या नव्या औषधाच्या चाचणीचं सांगितलं. मी एकटी जाऊन आले. तुला फोनवर जे सांगू दिलं नाहीस ते इथे सांगते. नेहमीचं दुसरं औषध सगळ्यांनाच देणार. त्याच्या जोडीला एक गोळी. निम्म्यांना नव्या औषधाची, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती हे संगणक ठरवणार; रोग्यालाही कळणार नाही, डॉक्टरलाही नाही. गुण येईलच असं कोणी म्हटलं नाही. नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं. पण एक अट आहे. रोग्याला त्याचा रोग त्याच्या भाषेत सांगायचा, अठरा पानांचा फॉर्म त्याने वाचायचा आणि सही त्यानेच करायची. बायकोची चालत नाही, मुलाची चालत नाही. तिथल्या फॉर्म देणाऱ्या बाईंशी मी भांडले. म्हटलं, घरचा कारभार मी बघते, सही मी करते. त्या शांतपणे म्हणाल्या, मॅडम, गोळी तुम्ही खाणार आहात का? मी फॉर्म पिशवीत घालून निघाले. बसमध्ये फॉर्म वाचला, शुद्धलेखनाच्या एकवीस चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या, आणि कंधारच्या पुढे मला दिसेनासं झालं.

तू म्हणालास, अप्पा उंदीर आहेत का प्रयोग करायला. मन्मथ, लहानपणी तुला विषमज्वर झाला तेव्हा जी गोळी दिली ती आधी कुणाच्या तरी बापाने खाऊन बघितली होती. तू म्हणालास, ते कळल्यावर अप्पा मोडतील. तुला वाटतं अप्पा मोडतील. मला वाटतं तुला ते मोडलेले बघवणार नाहीत. रागावू नकोस. मला तरी कुठे बघवणार होते? पंधरा दिवस तो फॉर्म मी पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज संध्याकाळी एक दिवस कमी झालेला असायचा. डॉक्टरांना मी स्पष्ट विचारलं, काहीच केलं नाही तर किती? त्यांनी स्पष्ट सांगितलं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पूर्वी रुमालाखाली सौदा व्हायचा हे तुला माहीत आहे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव सांगायचे, बाकीच्यांना पत्ता लागायचा नाही. एक बोट म्हणजे एक, पंजा धरला की पाच, तळहातावर टिचकी म्हणजे बोल, तुझा भाव काय. अप्पांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी मला हे शिकवलं. तुझ्या आजोबांपुढे नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. जेवताना ताटाशेजारी पडलेल्या रुमालाखाली अप्पा विचारायचे, सिनेमाला किती वाजता? मी तीन बोटं दाबायची. आजोबा समोर बसून भुरका मारत असायचे. तेव्हाच अप्पांनी मला मोंढ्याचा नियम सांगितला होता. तोंडाने माणूस काहीही बोलू दे, रुमालाखाली खोटं बोलायचं नाही. रुमालाखाली खोटं बोलला त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

रविवारी दुपारी खोली भरलेली होती. काका, समितीचे दोघे, दारात आत्या. अप्पांनी मला खाटेवर बसायची खूण केली. खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर टाकला आणि त्याखाली माझा हात धरला. मला वाटलं, ताप बघायला सांगतात. त्यांनी माझ्या तळहातावर टिचकी मारली. चाळीस वर्षांनी. मी हात ओढायला गेले, तर मनगट घट्ट धरलं. त्या हातात एवढा जोर उरला आहे हे मला ठाऊक नव्हतं. पुन्हा टिचकी. काका विचारत होते, अप्पा, अहमदपूर आपल्याकडे येईल का हो? मी जमिनीकडे बघत होते. मग मी माझी पाचही बोटं त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती एकेक करून मोजली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. काकांना म्हणाले, "अहमदपूरवाले लई हुशार हायेत, ते न्हाई यायचे." सगळे हसले. हात मात्र सोडला नाही.

माणसं गेल्यावर म्हणाले, "महिने ना?" मी मान हलवली. "मला येडं समजायलात का तुम्ही मायलेक? टीबीवाल्याला कोण तीन तीन तास सलाईन लावतं?" ते रडले नाहीत. मी रडले. त्यांनी पिंपातलं पाणी आणायला सांगितलं, तेही मलाच प्यायला लावलं. मग मी डब्याखालचा फॉर्म काढला. सातवी शिकलेला माणूस, त्याने दोन दिवसांत अठरा पानं वाचली, बोट ठेवून, अडेल तिथे मला विचारून. नवी गोळी की नुसती गोळी हे कुणालाच कळणार नाही, या ओळीवर थांबले आणि म्हणाले, "म्हंजे डॉक्टरचा हात बी रुमालाखालीच हाय म्हणा की." आज सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपल्यावर, कपाळावरचं भस्म ओलं असतानाच, प्रत्येक पानावर सही केली. नांदेडच्या बाईंना फोन करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, घरी वाचू द्या, डॉक्टर समोर बसवून पुन्हा समजावतील आणि तिथेच सही घेतील. म्हणजे आजच्या सह्या चालणार नाहीत. अप्पा म्हणाले, "चालू दे न्हाईतर न चालू दे, मी माझा सौदा केला."

आता पत्राचं कारण. नोंदणी येत्या सोमवारी, पंचवीस तारखेला बंद होते आणि तिथे दोनच जागा उरल्या आहेत. जानेवारीत काढलेला तुकडा मेणाच्या दोन वड्यांत बसवलेला असतो. त्या तपासल्याशिवाय अप्पांना घेणार नाहीत. पुन्हा सुई घालायला डॉक्टर तयार नाहीत, मागच्या वेळी फुप्फुसात हवा शिरली होती. त्या वड्या तुझ्या फाईलबरोबर आहेत, पुण्याला, तुझ्या कपाटात. आपल्या शाळेतले रेवणसिद्ध सर हे पत्र घेऊन येत आहेत आणि शुक्रवारी संध्याकाळी परत निघणार आहेत. वड्या आणि रिपोर्ट त्यांच्या हातात दे. जेवणाच्या डब्यात घाल, उन्हात ठेवू नकोस, मेण आहे. शपथेचं म्हणशील तर मी ती मोडली आहे. आणि ऐक, अप्पांनीही मला शपथ घातली आहे: "पोराला कळू देऊ नको मला कळलंय ते, त्याचा जीव लहान हाय." तीही आत्ता मोडली. तुम्ही दोघं एकमेकांना वाचवत बसलात आणि मधल्या मधे एप्रिल संपत आला. मला आता कुणाचंच मन सांभाळायला वेळ नाही. गुण आला नाही तर दोष माझा. तसं लिहून देते. सरांच्या हाती पाठवण्यापेक्षा तू स्वतः घेऊन आलास तर बरं. आलास की काही बोलू नकोस, तुला ते जमणार नाही आणि त्यांनाही नाही. रुमाल त्यांच्या उशाशी असतो. त्याखाली नुसता हात दे. बाकीचं ते शिकवतील.

तुझीच,
आई