आईच्या चेहऱ्याचे चौपन्नशे टाके

मल्लेश्वरम, बंगळूर
२० सप्टेंबर १९९७

तीर्थस्वरूप अण्णांना अहल्येचा नमस्कार. वहिनींनाही सांगावा. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे, म्हणजे माझा रक्तदाब आहे तिथेच आहे आणि डॉक्टरही आहेत तिथेच आहेत. तुमच्या गुडघ्यांना तेल लावणं चालू आहे ना? वहिनींनी पाठवलेली चटणी पोचली. (बाटली फुटली होती, पण चटणी पुष्कळशी वाचली. कुरिअरवाल्याच्या पिशवीला मात्र अजून लसणाचा वास येतो, असं तो रोज सांगतो.)

तुम्ही आषाढात पाठवलेला तो १९३८ सालचा फोटो सुखरूप आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही शांतपणे वाचाल. फोटोबरोबर तुमची चिठ्ठीही होती : ऊन लावू नये, हात लावू नये, कुणाला देऊ नये. अण्णा, जो फोटो बघायचाही नाही, तो पाठवलात तरी कशाला? पण पाठवलात, हे तुमचे उपकार. आईचा जगात तेवढा एकच फोटो आहे हे मला ठाऊक आहे. त्यातही ती शिवणवर्गाच्या बत्तीस मुलींच्या मागे उभी, आणि चेहरा केवढा, तर मोजून एक तृतीयांश इंच रुंद आणि अर्धा इंच उंच. चिंचोक्याएवढा.

इथल्या भगिनी समाजाने शिवणवर्गाची खोली नवी बांधली, तिला आईचं नाव द्यायचं ठरलं, आणि भिंतीवर वीस इंच रुंद, तीस इंच उंच अशी तिची तसबीर हवी म्हणून मला सांगितलं, हे मागच्या पत्रात कळवलंच होतं. मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं. आधी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. त्यांनी फोटो मोठा करून दिला, तर आई दिसेना, भिजलेला पापड दिसायला लागला. मी तो घरी आणून कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

तेव्हा आमची वरची भाडेकरू सुचेता मदतीला आली. पुण्याची मुलगी, सॉफ्टवेअर कंपनीत आहे, सव्वीस वर्षांची. ती म्हणाली, "काकू, ऑफिसात स्कॅनर आहे, मी करते ना!" मला तुमची चिठ्ठी आठवली (कुणाला देऊ नये), म्हणून फोटोबरोबर मीही तिच्या ऑफिसात गेले आणि ते काचेचं झाकण बंद होऊन आत उजेड फिरेपर्यंत देवाचं नाव घेत उभी राहिले. मग आई पडद्यावर आली. मी पिशवीतून फूटपट्टी काढली आणि पडद्याला लावली, कारण चेहरा किती इंच आला ते मला बघायचं होतं. (तो पडदा चौदा इंची म्हणून विकतात. तेरा भरतो. मी सुचेताच्या साहेबांना तसं सांगितलंही.)

सुचेताने माझी फूटपट्टी हळूच बाजूला केली. "काकू, आत इंच नसतातच. नुसते ठिपके असतात. इंच कागदावर येतात." मग तिने पोळीच्या हिशेबासारखं समजावलं : एका इंचात किती ठिपके मांडायचे ते तुम्ही ठरवा, त्याला इंचांनी गुणा, की लागणारे ठिपके आले. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे लागतात. म्हणजे वीस इंचांना सहा हजार, तीस इंचांना नऊ हजार. मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, नकाशाचं प्रमाण मला कळतं, त्यामुळे हे मला झटकन कळलं. निदान तसं मला वाटलं.

कारण दुसऱ्याच दिवशी मी एकटीच आईचा फोटो भरलेली फ्लॉपी घेऊन जयनगरच्या एका मोठ्या छपाईच्या दुकानात गेले. सुचेताला कशाला सारखा त्रास, आणि आता आपल्याला येतंच की! तिथे अर्ज भरायचा होता. रुंदी २०, उंची ३०, असं मी ठळक अक्षरात लिहिलं. पुढे इंच, सेंटिमीटर, पिक्सेल अशी तीन घरं होती. मी एकाही घरात खूण केली नाही. वीस बाय तीसची तसबीर इंचातच असणार, एवढी अक्कल कुणालाही असते. यंत्राला नव्हती. पिक्सेल म्हणजे ते ठिपके, आणि यंत्राने वीस ठिपके रुंद, तीस ठिपके उंच अशी आई छापून दिली. अण्णा, भलाथोरला पांढराशुभ्र कागद, आणि मधोमध तिळाएवढं काहीतरी. दुकानदार म्हणाला, "अम्मा, नीवु केळिद्दे कोट्टिद्देवे," मागितलंत तेच दिलं. आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त राग आला. मी रिक्षात बसून जयनगरपासून मल्लेश्वरमपर्यंत रडत आले. रिक्षावाल्याला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं हो, पण छप्पन्न वर्षांपूर्वी.

सुचेताने तो तीळ बघितला आणि हसली नाही. याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे. (जिन्यात जाऊन हसली, ते मी ऐकलं. ते चालतं.) मग तिने खरं सांगितलं, जे ती इतके दिवस सांगत नव्हती : त्यांचा स्कॅनर इंचाला जास्तीत जास्त सहाशे ठिपके वेचतो. एक तृतीयांश इंचाच्या चेहऱ्यातून दोनशे निघणार, आणि भिंतीवर हवेत सहा हजार. "उरलेले मशीन मनाने भरतं काकू. ती मग तुमची आई नसते." तरी तिने एक शनिवार खर्चून चेहऱ्याचे साठ बाय नव्वद मोठे चौकोन केले, करड्या रंगाच्या सहा छटांमध्ये, आणि चार-चार कागद चिकटवून आणून दिले. जवळून बघितलं तर निव्वळ फरशी. मी म्हटलं, राहू दे बाळ, समाजाला नाही म्हणून कळवते.

कळवायला सुंदराक्कांना बोलावलं. त्या समाजाच्या अध्यक्ष, वय एकाहत्तर, फोटोतल्या पुढच्या ओळीत डावीकडून तिसऱ्या, दोन वेण्यांच्या. त्या दारातच थांबल्या. चप्पल काढता काढता समोर भिंतीला टेकवलेल्या त्या कागदांकडे बघितलं आणि तशाच एका पायावर उभ्या राहिल्या.

"अहल्ये, या आमच्या बाईच की गं!"

मी म्हटलं, "अक्का, चौकोन आहेत नुसते."

"तू नाक लावून बघतेस. स्वल्प लांब ये."

मी दारापाशी गेले आणि वळले. अण्णा, आई होती. ती मान किंचित तिरकी, तुम्ही वर्तमानपत्र वाचताना धरता तशी. मी चार वर्षांची असताना ती गेली, मला तिचा चेहरा म्हणून काही आठवतच नाही, तरी ओळखलं. सुंदराक्का जवळ येऊन कागदावर बोट फिरवायला लागल्या आणि म्हणाल्या, "छापता कशाला? हा तर दुसुतीवरच्या भरतकामाचा नमुना आहे. एक घर, एक टाका. आम्हाला हेच तर शिकवलं त्यांनी." साठ घरं वीस इंचांत, म्हणजे इंचाला तीन टाके. नव्वद घरं तीस इंचांत, तेही तीन. आवाज ऐकून वरून आलेली सुचेता तोंडात बोट घालून बघत राहिली. तिचा सगळा हिशेब अक्कांनी चपला न काढता केला.

चिकपेटेच्या बाजारातून जाड दुसुती आणि सहा छटांची लोकर आणली. आईच्या विद्यार्थिनींपैकी हिंडत्याफिरत्या सहाजणी उरल्या आहेत. रोज दुपारी आमच्या पडवीत बसतात, चष्मे बदलतात, एकमेकींचे टाके उसवतात. सुचेताही रजा काढून बसली. पहिला टाका चुकल्यावर तिने विचारलं, "काकू, यात अन्डूचं बटण कुठंय?" त्या सहाजणींतल्या वेणूक्कांनी तिच्या हातात कात्री दिली. चौपन्नशे टाक्यांपैकी कपाळ बहुतेक तिचं आहे. थोडं ओबडधोबड आहे, पण मी कुणाला हात लावू दिला नाही. या मुलीचे आणि या सहा म्हाताऱ्यांचे उपकार मी कुठे फेडू, ते तुम्हीच सांगा. दसऱ्याला अनावरण आहे. तुम्ही प्रवास करत नाही, हे मला माहीत आहे, तेव्हा आग्रह करत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि फोटो पाठवल्याबद्दल पुन्हा एकदा मनापासून आभार.

आपली धाकटी बहीण,
अहल्या

ता. क. : फोटो रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवू का, की कुणाबरोबर?

ता. क. २ : पाठवत नाही. येऊन घेऊन जा.

ता. क. ३ : आता खरं काम लिहिते. आईच्या हनुवटीवर एक काळा ठिपका आहे. सुंदराक्का म्हणतात ते गोंदण. वेणूक्का म्हणतात, छे, बाईंना गोंदण नव्हतंच, तो फोटोवरचा डाग. दोघी चार दिवस बोलत नाहीत. सुचेताच्या मशीनला विचारलं तर ते म्हणतं काळा, एवढंच. मला तिच्या मांडीला येणारा शिवणयंत्राच्या तेलाचा वास आठवतो, हनुवटी आठवत नाही. तुम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होता. आता सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही. बाकीचं सगळं भरून झालं आहे, ते एक घर रिकामं ठेवलं आहे. काळी लोकर आणि करडी लोकर, दोन सुया ओवून तयार आहेत. पत्राने कळवू नका, अण्णा. या, आणि तो टाका तुम्ही घाला.